पेणला हरवलेली एकोणीस मुलं

१

आमच्या पेणच्या ट्रस्टच्या दवाखान्यातली एकोणीस मुलं एका सोमवारी नाहीशी झाली. संगणकात ती होती, त्यांची वयं होती, वजनं होती, रक्तगट होते. गावात मात्र ती नव्हती. आत्ता नव्हती असं नाही, कधी नव्हतीच, असं गाव म्हणत होतं.

मी दत्तात्रेय घरत. सगळे दाजी म्हणतात. सरकारी नोकरीत असताना ढोरांचा डॉक्टर होतो. सत्त्याण्णव सालच्या त्या फेब्रुवारीत मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती आणि माझे दोनच उद्योग उरले होते, बायकोची बोलणी खाणं आणि लोकांची चोरीला गेलेली जनावरं शोधून देणं. दुसऱ्यात मी बरा होतो. म्हणूनच डॉक्टर अनिताचा निरोप आला.

अनिता म्हणजे माझ्या मित्राची लेक. पेणचा दवाखाना तिच्या हाती, आणि रोह्याला त्याचंच एक केंद्र. तीन वर्षांपूर्वी तिनं हट्टानं संगणक आणला आणि प्रत्येक रुग्णाची नोंद त्यात घालायला लावली. तिला एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. जुलाबांनी मरणाच्या दारात गेलेलं मूल आपण सलाईन लावून वाचवतो, पण वर्षभरानं ते जिवंत असतं का? घरी जाताना आयांना ती नाचणीची आणि शेंगदाण्याची पेज करायला शिकवायची. त्या पेजेनं मूल तगतं की नाही, हे संगणक सांगेल अशी तिची श्रद्धा होती.

मी गेलो तेव्हा तिच्या खोलीत, संशोधनाच्या नोंदी पडताळायला आलेल्या मुंबईच्या समितीचे डॉक्टर प्रविण बसले होते. माणूस सभ्य, पण तोंड शिसवीच्या पाटासारखं.

"आम्ही न कळवता गावं फिरलो," ते म्हणाले. "इतर सगळी मुलं सापडली. खाडीकडच्या गावांतली ही एकोणीस मात्र कुणाला माहीतच नाहीत. शेजाऱ्यांना नाहीत, आयांनाही नाहीत."

"मी स्वतः त्यांच्या घोट्याशी शीर उघडून सलाईन लावलंय हो!" अनिता कळवळून म्हणाली. "हाताची शीर मिळत नाही इतकी सुकलेली येतात पोरं."

"काही तुम्हाला आठवत असतील, डॉक्टर. सगळी आठवतात?"

वर्षाकाठी शेकडो मुलं तिच्या हाताखालून जात.

"केसपेपर?" मी विचारलं.

"ते आईबापांकडे देतो आम्ही. आमच्याकडे फक्त संगणकातलं."

"म्हणजे ही मुलं कुणीतरी टंकून जन्माला घातली आहेत," प्रविण म्हणाले. "शुक्रवारी मी अहवाल देणार. त्यात नोंदी करणाऱ्याचं नाव द्यावंच लागेल."

नोंदी करणारी एकच होती. दाराबाहेर उभी राहून ती सगळं ऐकत होती.

२

भाविका हमरापूरची. घरात सगळे गणपती रंगवणारे, आणि ही घराण्यातली पहिली मुलगी जी ब्रश सोडून संगणकावर बसली. खोटारडी म्हणून नाव छापलं गेलं असतं तर पेण तालुक्यात तिला कुणी दारात उभं केलं नसतं. आणि हमरापुरात पुढची वीस वर्षं कुठल्याही मुलीला संगणकाजवळ जाऊ दिलं नसतं, हे तिनं न सांगताही मला कळत होतं.

"दाजी, मी एक पण पोर मनानं घातलं नाय," ती म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज ताठ. "आई समोर बसते, सांगते, मी टाइप करते. बस."

"तुझ्याशिवाय त्या यंत्राला हात कोण लावतं?"

"कोणी नाय. रोह्याचे डॉक्टर सुशील तिकडच्या नोंदी करतात, शनिवारी फ्लॉपी येते, मी इकडं उतरवते."

मी तो कीबोर्ड उचलला आणि उलटा करून टेबलावर आपटला. जनावर तपासताना आधी त्याचे खूर पाहावेत. फटींतून पावाचा चुरा पडला, एक टाचणी पडली आणि त्यामागून तपकिरी पूड. मी वास घेतला आणि सणसणीत शिंकलो.

तपकीर होती. भाविका तपकीर ओढत नव्हती. त्या दवाखान्यात ती ओढणारा एकच प्राणी होता. जुने रेकॉर्डकीपर हैबतराव, ज्यांचं सगळं राज्य संगणकानं हिरावून घेतलं होतं. "या डब्यात पोरं हरवतील एक दिवस," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते.

३

हैबतरावांना मी त्यांच्या घरी गाठलं. तपकिरीचं नाव काढताच त्यांचा चेहरा पडला.

"कुणाला बोलू नका, दाजी," ते हळूच म्हणाले. "दुपारी पोरगी जेवायला जाते तेव्हा बसतो."

"आणि काय करता?"

"पत्ते खेळतो." म्हातारा लाजेनं लाल झाला होता. "त्यात एकट्यानं खेळायचे पत्ते आहेत. फार छान लागतात. पण नोंदी कशा उघडायच्या ते मला देवाशपथ येत नाही. मी काय तोंडानं सांगू, ज्याला तीन वर्षं शिव्या दिल्या त्याच्याशीच खेळतो म्हणून?"

मी त्यांना एक नोंद उघडून दाखवा म्हणालो असतो तर त्यांनी संगणकच बंद करून दाखवला असता, इतपत खात्री मला झाली. माझा पहिला चोर असा हातचा गेला. मग मी सायकल काढली आणि खाडीच्या बाजूला गेलो.

धाकटी खार म्हणजे मिठागरात राबणाऱ्यांचं गाव. मिठाचा हंगाम ऐन भरात होता. यादीत या गावच्या हौसा नावाच्या बाईचा मुलगा होता. खरं नाव देत नाही, प्रणित म्हणू. हौसा दारातच भेटली. कडेवर एक शेंबडं, गुटगुटीत पोर, तिचं मंगळसूत्र चघळत होतं.

"हौसाबाय, तुझा प्रणित कसा हाय?"

तिचा चेहरा एकदम पाटी पुसल्यासारखा झाला. "कोन? तसा कोन नाय आमचेकडं."

"पेणच्या दवाखान्यात होता की, गेल्याच्या आदल्या पावसात."

"मी नाय गेलू कंदी."

"मग हा कोण?"

"हा शेजारनीचा. दगडू."

शेजारणी मागं गोळा झाल्या. त्यांतली सगळ्यांत म्हातारी, ठमाबाई, माझ्याकडं टक लावून बघत होती. एवढ्यात मला एक आगाऊपणा सुचला. "म्हणजे प्रणित मेला काय?" मी विचारलं.

हौसा वाघिणीसारखी अंगावर आली. "मरल तुजा वैरी! तोंडान किडं परतील तुजे! जा निंग!"

दारं धडाधड लागली. मी सायकल हातात धरून बांधावर आलो आणि तिथंच थांबलो. जे मूल कधी जन्मलंच नाही, ते मेलं का असं विचारल्यावर या बाईला एवढा राग का यावा?

४

दुसऱ्या दिवशी मी भाविकाच्या शेजारी खुर्ची ओढली.

"ती एकोणीस नावं विसर. नावानं शोधून समितीनं काय दिवे लावले ते दिसलंच. म्हशीला मी कधी नाव विचारत नाही. शिंग बघतो, खूण बघतो, दात बघतो. तुझ्या यंत्राला नाव सोडून बाकी सगळं विचारता येतं का?"

तिनं डोळे पुसले. "काय विचारू?"

"पोर पेणच्या दवाखान्यात हरवलं. मी म्हणतो ते कुठंतरी पुन्हा दिसलं पाहिजे. खाडीकडच्या गावांतली अशी मुलं काढ जी आपल्याकडे पहिल्यांदा आली तेव्हाच दोन वर्षांच्या पुढची होती. ज्यांचा जन्म नाही, डोस नाही, मागचं काहीच नाही."

तिची बोटं चालू लागली. यंत्र बराच वेळ कुरकुरलं आणि पडद्यावर नावं आली. दगडू, धोंडू, केरू, भिकी, उकिरडा. अशी पुष्कळ होती, आणि सगळीच्या सगळी रोह्याला आलेली.

"रोह्याला?" मी म्हटलं. "धाकट्या खारेतून आपला दवाखाना सायकलच्या अंतरावर. तो टाकून या बाया एसटीनं गडब, नागोठणं ओलांडून रोह्याला कशाला मरायला जातात?"

भाविकाला तोवर दुसरंच काही दिसलं होतं. तिनं यादी आईच्या नावाप्रमाणे लावली. "दाजी, बघा तरी! चंद्रावती. हिला नऊ मुलं."

"असतात एकेकीला."

"हो, पण केरू श्रावणातला आणि दगडू त्याच वर्षीच्या मार्गशीर्षातला! चार महिन्यांत दोन बाळंतपणं?"

सगळ्या नोकरीत मी असली म्हैस पाहिली नव्हती, बाई तर सोडाच. खोट्या मुलांचा कारखाना होता तर तो पेणला नव्हता, रोह्याला होता. आणि रोह्याच्या नोंदी डॉक्टर सुशीलच्या हातच्या होत्या. सुशील तापट, महत्त्वाकांक्षी, आणि अनिताच्या पेजेला उघड हसणारा. हे संशोधन बुडालं तर रोह्याचं केंद्र त्याच्या एकट्याच्या ताब्यात जाईल, असं लोक बोलत.

मी सकाळची रोहा एसटी धरली. सुशीलनं माझं ऐकून घेतलं आणि हातातली सुई खाली न ठेवता म्हणाला, "दाजी, मी पोरं तपासतो. ती कुणाच्या पोटची आहेत याचा पंचनामा करत नाही. आई जे सांगते ते मी लिहितो. विश्वास नसेल तर बसा इथं, बघा."

मी बसलो. थोड्या वेळानं दारात दोन बायका आल्या. एक हौसा, कडेवर दगडू. दुसरी अंगानं भरदार, हसरी. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"कुणाचं पोर?" सुशीलनं विचारलं.

"हिचा," हौसा म्हणाली. "चंद्रावतीचा."

"व्हय, माजाच," चंद्रावती म्हणाली.

सुशीलनं तसंच लिहिलं आणि सुई टोचली. दगडूनं किंकाळी फोडली. चंद्रावतीनं दोन्ही हात पुढं केले, "ये रं बाला, आयकडं ये." दगडूनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तो हौसाच्या मानेला असा चिकटला की सुटेना, आणि हौसाचे डोळे घळाघळा वाहू लागले.

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. गोठ्यात शंभर गाई असोत, वासराला आपली आई कुणी शिकवावी लागत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं, माझ्यासमोर धाकट्या खारेच्या दारात ते पोर काखेतच होतं, आणि मी त्याला जगभर शोधत होतो!

दगडू पाय झाडत होता. त्याच्या पायातला वाळा वर सरकला. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, वाळ्याखाली झाकलेला, एक आडवा पांढुरका व्रण होता.

५

मी परत धाकट्या खारेत गेलो, तर ठमाबाईनं मला आधी पाट दिला नाही. मी उभ्यानंच बोललो.

"बाय, जनावराचं असं करतात ते मी बघितलंय. जिची वासरं जगत नाहीत त्या गाईचं वासरू शेजाऱ्याला विकल्यासारखं करायचं. पोरांचंही तसंच करता ना तुम्ही?"

तिनं पाट पुढं सरकवला.

"मरनाच्या दारानशी पोर मागारी आला का त्याचा नाव त्या दारान ठेवाचा," ती म्हणाली. "मरनानं त्याचा नाव ऐकलेला हाय. फिरून हाक मारल ना. मंग जिचा येक पन पोर गेला नाय अशे बाईला इकाचा. पसाभर तांदूल ती देते. तिनं साधा नाव ठेवाचा, कोनाला हाव नाय येवाची असा. जुना नाव कोनी घेवाचा नाय, आयनं पन नाय. त्या नावाचा कागद खाडीन सोराचा. आनि त्या दवाखान्याच्या पायरीला परत पाय लावाचा नाय."

सगळे धागे एका दमात सुटले. एकही मूल न गमावलेली चंद्रावती म्हणून तिला नऊ मुलं. पेणचा दवाखाना टाळायचा म्हणून रोहा. केसपेपर खाडीत. आणि समिती गावात येऊन नेमकं काय करत होती, तर दारोदार उभं राहून मोठ्यानं तीच नावं पुकारत होती! बिचाऱ्या आयांच्या काळजाचं काय पाणी झालं असेल. त्यांच्या हिशेबानं खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्या गावात प्रणित नव्हताच, तो विकला गेला होता.

"ठमाबाय, एक पोरगी फुकट चोर ठरतेय," मी म्हणालो. "तुमची पोरं तिनं नीट लिहून ठेवली, एवढाच तिचा गुन्हा. शुक्रवारी पोरं रोह्याला आणा. पेणची पायरी नको. आणि एकही जुनं नाव कुणी तोंडातून काढणार नाही, हा माझा शब्द."

"पन नाव नाय घेतला तर तो मुंबैवाला वलकल कसा?"

"पायावरनं," मी म्हणालो.

ती उठून चुलीकडं वळली. ना हो म्हणाली, ना नाही. मला तसंच घरी जावं लागलं.

शुक्रवारी रोह्याच्या केंद्राच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. अनिता, सुशील, डॉक्टर प्रविण आणि एक कागद मांडीवर घेऊन भाविका. त्या कागदावर एकही नाव नव्हतं. माझ्या सांगण्यावरून तिनं पेणच्या संगणकातून फक्त तीनच गोष्टी काढल्या होत्या, रक्तगट, जन्माचा महिना आणि शीर कुठल्या घोट्याशी उघडली ते. मी प्रविणना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी ऐकली आणि घड्याळ पाहिलं.

"गोष्ट सुंदर आहे, दाजी. पण मुलं कुठं आहेत?"

एसटी आली. कुणी उतरलं नाही. दुसरी आली, ती तर थांबलीच नाही. प्रविण उठून आपली बॅग आवरू लागले.

तेवढ्यात वळणावर एक टेम्पो दिसला. मिठाच्या गोण्या नेणारा. पण आज त्यात गोण्या नव्हत्या. लाल, हिरवी, पिवळी लुगडी होती, आणि पुढं ड्रायव्हरशेजारी, पाटलीणबाईसारखी ठमाबाई. टेम्पो थांबला आणि पोरंच पोरं खाली सांडली.

"बग ये, मुंबैवाल्या!" ठमाबाईनं ठणकावलं. "पाय बग!"

प्रविण खाली बसले. ओसरीच्या मातीत, त्या इस्त्रीच्या पँटनिशी. पहिल्या पोराचा वाळा त्यांनी वर सरकवला. सुशीलनं रक्तगट तपासायची काचपट्टी पुढं केली. रागीट माणूस, पण त्या दिवशी त्याच्याइतकं हळू कुणी सुई टोचली नसेल.

"डावा घोटा. रक्तगट बी," प्रविण म्हणाले. "मार्गशीर्षातला."

"आहे," भाविकानं कागदावर बोट ठेवलं.

"उजवा. ओ. श्रावण."

"आहे."

"ही मुलगी... दोन्ही घोटे?"

"डावीकडं शीर मिळाली नाही म्हणून मग उजवीकडं," भाविका न बघता म्हणाली. "आहे. मीच लिहिलंय."

प्रविणांचा शिसवी चेहरा हळूहळू सैल होत होता. पाचव्या-सहाव्या पोरानंतर ते हसू लागले. दहाव्यानं त्यांचा चष्मा ओढला तरी त्यांनी ओढू दिला. शेवटच्या, एकोणिसाव्या पोराचा घोटा पाहून झाल्यावर ते उठले, गुडघे झाडले नाहीत, आणि सरळ भाविकासमोर जाऊन उभे राहिले.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "इतकी चोख नोंद मी मुंबईतसुद्धा पाहिलेली नाही. अहवालात तुमचं नाव येणार आहेच. पण आता पहिल्या पानावर, संशोधकांच्या ओळीत, डॉक्टर अनिताच्या शेजारी."

अनितानं भाविकाला मिठी मारली आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. मला तरी कुठं आवरत होतं! मी आपला गाढवासारखा खोकत राहिलो.

मग प्रविण म्हणाले, "आता फक्त दोन्ही नोंदी जोडा. जुनं नाव, नवं नाव."

हौसानं दगडूला घट्ट धरलं.

भाविकानं डोळे पुसले आणि मान हलवली. "जुनी नावं मी पुढं आणणार नाय, साहेब. पोरागणिक एक आकडा देते. त्या आकड्याखाली जुलाबापासून आजपर्यंतचं सगळं येईल, आणि नाव दिसेल ते आई सांगेल तेच. तुमच्या संशोधनाला पोर पाहिजे ना? नाव कशाला पायजे?"

"नको," प्रविण म्हणाले. "नाव नको."

ती आत रोह्याच्या संगणकावर बसली आणि पेणहून आणलेली नोंदींची फ्लॉपी त्यात घातली. आया खिडकीशी, दाराशी दाटल्या, पोरं टेबलाखाली शिरली. या पोरांच्या प्रत्येक नोंदीत शेवटचा एक रकाना रिकामा पडला होता, वर्षानंतरची स्थिती. तिनं पहिला आकडा उघडला, "दगडू" म्हणाली, आणि त्या रकान्यात टाइप करता करता मोठ्यानं वाचलं.

"जिवंत."

हौसा हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होतो.

"केरू. जिवंत. भिकी. जिवंत."

चौथ्या-पाचव्या नावापासून बाया तिच्याबरोबर म्हणू लागल्या. जी जुनी नावं कुणी उच्चारायला धजत नव्हतं त्यांच्या जागी हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. प्रत्येक वेळी आवाज वाढत गेला आणि रस्त्यावरची माणसं थांबून आत डोकावू लागली. शेवटच्या नावाला भाविकाला तोंड उघडावंच लागलं नाही. ठमाबाई, चंद्रावती, हौसा, सगळ्या खारेच्या बाया एका सुरात ओरडल्या, "जिवंत!" आणि टेबलाखालच्या पोरांनी त्याहून मोठ्यानं.